कमी दिवसांचं बाळ आणि त्याची नजर

मोगरा | १६ एप्रिल

माझी लेक ६ जानेवारीला झाली. दिवस भरायची तारीख २४ मार्च होती. बीपी एकाएकी चढलं आणि २९ आठवड्यांवर सिझर करावं लागलं. वजन १ किलो १८० ग्रॅम. ५१ दिवस काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. फाइलवर लिहिलंय: दोन्ही डोळे, आरओपी, झोन दोन, स्टेज दोन. आरओपी म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार, झोन म्हणजे पडद्याचा भाग आणि स्टेज म्हणजे आजाराची पायरी. लेसर लागलं नाही. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी तपासत राहिले. ३० मार्चला म्हणाले, पडद्यातल्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या, आता तीन महिन्यांनी चष्म्याचा नंबर बघायला या.

आज ती १०० दिवसांची झाली. ती माझ्याकडे बघत नाही. कडेवर घेतलं की माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघते. कधी एक डोळा नाकाकडे जातो आणि दुसरा जागेवर राहतो. काल सासूबाईंनी हळूच विचारलं, "तिरळी आहे का गं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला रात्रभर झोप नाही. नणंदेचा मुलगा त्याच आठवड्यात झालाय, पूर्ण दिवसांचा. तो खदखदून हसतो, हात पुढे करतो. मी रात्री उठून दिवा लावते आणि हिच्या डोळ्यांपुढे हात फिरवून बघते.

कुणाचं बाळ असं होतं का? कधी बघायला लागलं?

निशिगंध | १६ एप्रिल

मोगरा, आधी तो दिवा बंद कर आणि झोप. माझा मुलगा २७ आठवड्यांचा, आता पहिलीत आहे.

तुझी लेक आज २३ दिवसांची आहे. २४ मार्चपासून मोज. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात बदल नाही. पण मान धरणं, हसणं, बघणं हे सगळं दिवस भरायच्या तारखेपासून मोजायचं. डॉक्टर त्याला करेक्टेड वय म्हणतात. मी भिंतीवर दोन कॅलेंडरं लावली होती. एक आत्याबाईंसाठी आणि एक माझ्यासाठी, असं आम्ही म्हणायचो. २३ दिवसांचं भरल्या दिवसांचं बाळ तरी काय करतं? वीतभरावरचा चेहरा क्षणभर नजरेत धरतं आणि सोडून देतं.

माझ्या मुलाने पहिल्यांदा नजर धरली ती माझ्या टिकलीवर. डोळ्यांत नाही, टिकलीवर! मग मी मुद्दाम मोठी काळी टिकली लावायला लागले. हसला तो जन्मापासून पाचव्या महिन्यात. करेक्टेड वय दोन महिन्यांचंसुद्धा नव्हतं, म्हणजे अगदी वेळेवर.

कवडसा | १७ एप्रिल

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारी. लहान मुलांच्या नेत्रविभागात काम करते. निशिगंधने सांगितलेलं मोजमाप बरोबर आहे. ते तसं का, हे सांगते, म्हणजे मोगराला धीर येईल.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यात मागच्या बाजूने, दृष्टीची नस जिथे शिरते तिथून निघतात आणि चहूकडे कडेपर्यंत पसरत जातात. नाकाकडची कड जवळ, तिथे ३६व्या आठवड्याच्या सुमारास पोचतात. कानाकडची कड लांब, तिथे पोचायला ४० आठवडे लागतात. म्हणजे २९ आठवड्यांचं बाळ जन्मतं तेव्हा या वेली अर्ध्या वाटेवर असतात. पोटातल्यापेक्षा बाहेर ऑक्सिजन पुष्कळ. त्यामुळे वाहिन्या वाढवणारं रसायन कमी पडतं आणि वेली थबकतात. पुढे पडदा मोठा होतो, त्याला रक्त हवं असतं, मग तेच रसायन भसाभसा तयार होतं आणि चुकीच्या जागी नाजूक, गळक्या वाहिन्या फुटायला लागतात. हीच आरओपी. पहिल्या दोन पायऱ्यांची आरओपी पुष्कळदा आपोआप ओसरते, तुझ्या लेकीचं तसंच झालं. पाचव्या पायरीला पडदा पूर्ण सुटलेला असतो.

नजरेचं वेळापत्रकही असंच आठवड्यांवर चालतं. २५-२६ आठवड्यांपर्यंत पापण्या चिकटलेल्या असतात. ३० आठवड्यांच्या आधी बाहुली उजेडाला नीट आकसत नाही, म्हणून पेटीवर कापड टाकतात. तुझ्या लेकीने जन्मानंतरचे कितीतरी दिवस अशा डोळ्यांनी काढलेत, जे त्या वेळी पोटातल्या अंधारात असायला हवे होते. करेक्टेड सहा ते आठ आठवड्यांना चेहरा धरणं आणि हसणं, तीन महिन्यांना इकडून तिकडे वस्तूचा पाठलाग, अशी अपेक्षा ठेव. तीन महिन्यांना हे नाहीच झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

रानजाई | १७ एप्रिल

मग ऑक्सिजननेच डोळे जातात का? आमच्या पुतण्याला २० दिवस लावला होता. त्याची आई अजून म्हणते, लावूच द्यायला नको होता.

कवडसा | १७ एप्रिल

तिला सांगा, तो ऑक्सिजन नसता तर मूल हातात आलं नसतं. हा आजार १९४२ साली बोस्टनमध्ये डॉ. टेरी यांनी पहिल्यांदा नोंदवला. त्या काळात नव्या काचपेट्यांमध्ये भरपूर ऑक्सिजन सोडत, जितका जास्त तितकं चांगलं असं समजत. जगभरात सुमारे १० हजार मुलं आंधळी झाली. गायक स्टीवी वंडर त्यातलाच, १९५० साली सहा आठवडे आधी जन्मलेला. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग सगळ्यांनी तो इतका आखडता घेतला की मुलं दगावायला लागली. आज मोजून देतात, अधिकही नाही, उणाही नाही. पण ऑक्सिजन हे एकच कारण नाही. किती आठवडे आधी जन्म झाला, रक्तात जंतुसंसर्ग झाला का, वजन कसं वाढलं, हे सगळं येतं.

पेटीवाली_सिस्टर | १७ एप्रिल

१४ वर्षं नवजात विभागात नर्स आहे. आमच्या मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायचा असतो. ९५च्या वर गेला तरी अलार्म वाजतो, ९०च्या खाली गेला तरी. आया विचारतात, "९९ आलं तर चांगलंच ना?" नाही बाई, या बाळांना नाही.

डोळ्यांच्या तपासणीला आया फार घाबरतात. आधी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने थेंब टाकून बाहुली मोठी करतात. पोट भरलेलं नको, उलटी होते, म्हणून आधी तासभर दूध थांबवतो. बाळाला कापडात घट्ट गुंडाळतो, जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटी क्लिप असते. डॉक्टर कपाळावर दिवा बांधून भिंगातून बघतात. काही मिनिटांचं काम. बाळ रडतं, डोळा लाल दिसतो, संध्याकाळपर्यंत उतरतो. मी सांगते, आई, दाराबाहेर थांबलात तरी चालेल, पण झालं की लगेच छातीशी घ्या.

आता महत्त्वाचं. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ ३० दिवसांच्या आत दाखवायचंच. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अमेरिकेत १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे ही रेघ आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही आरओपी होते, म्हणून आपली रेघ वर. लेसरची किंवा इंजेक्शनची वेळ आली तर ते दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. "पुढच्या आठवड्यात वार बघून येतो" हे चालत नाही. घोटाळा होतो तो बाळ घरी जाताना. इथे एक तपासणी झालेली असते, दुसरी पंधरा दिवसांनी. तोवर बाळंतीण माहेरी जाते, गाव बदलतं, फोन लागत नाही.

पाऊलवाट | १७ एप्रिल

सिस्टर, तुम्ही लिहिलं म्हणून मी लिहितो. एरवी वाचतो आणि निघून जातो.

माझी मुलगी ३२ आठवड्यांची, १७०० ग्रॅमची. पेटीत १६ दिवस. सगळे म्हणाले, वजन छान आहे, काळजीचं काही नाही. मिठाई वाटून घरी आलो. कार्डावर लसींच्या तारखा होत्या, लोहाचे थेंब किती द्यायचे ते होतं. डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती, कुणी तोंडीही बोललं नाही. पाचव्या महिन्यात तिच्या आईला बाहुलीत पांढरं दिसलं. तोवर दोन्ही डोळ्यांत पाचवी पायरी होती. मोठ्या शहरात नेऊन दोन ऑपरेशनं केली. तिला उजेड कळतो, तेवढाच.

आज ती आठ वर्षांची आहे. ब्रेल वाचते, माझ्याहून वेगाने पाढे म्हणते. मी जिना चढायला लागलो की किल्ल्यांच्या आवाजावरून दार उघडते. तिच्याबद्दल मला काही कमी वाटत नाही. पण एक ओळ लिहायची होती त्या कार्डावर. तीस दिवसांत दाखवा. एवढीच.

मोगराताई, तुमच्याकडे तपासणीचे कागद आहेत. नीट जपून ठेवा.

मोगरा | १८ एप्रिल

दादा, काय लिहू कळत नाही. तुमच्या मुलीला माझ्याकडून खूप आशीर्वाद.

कवडसाताई, पडद्याचं कळलं. पण डोळे दोन दिशांना जातात, त्याचं काय? तो तिरळेपणा आहे का?

कवडसा | १८ एप्रिल

हे सविस्तर सांगते, कारण आरओपीचं सगळे विचारतात, दोन डोळ्यांच्या जोडीचं कुणी विचारत नाही.

जन्मतः कुठल्याच बाळाचे डोळे एका तालात चालत नाहीत. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, म्हणजे बारा दोऱ्या एकत्र ओढायच्या. ते मेंदू शिकतो. करेक्टेड तीन-चार महिन्यांपर्यंत मधूनमधून डोळा सुटणं, विशेषतः झोप आली असताना, हे चालतं. शिवाय या वयात नाकाचा पूल बसका असतो, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते, त्यामुळे सरळ डोळाही आत गेल्यासारखा दिसतो. टॉर्चचा उजेड दोन्ही डोळ्यांत बाहुलीच्या मधोमध चमकला तर डोळे सरळ. पण मोबाइलच्या प्रखर दिव्याने सारखं सारखं करू नकोस.

तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान मेंदू दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवून एक करायला लागतो. त्यातूनच खोली आणि अंतर कळतं. इथे एक मला फार आवडणारी गोष्ट आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी दिवसांच्या आणि भरल्या दिवसांच्या बाळांची तुलना केली. संदेश मेंदूपर्यंत पोचण्याचा वेग गर्भाच्या आठवड्यांप्रमाणेच वाढत होता, पण दोन्ही डोळ्यांची सांगड मात्र दोन्ही गटांत जन्मानंतर साधारण चार महिन्यांनी बसली. म्हणजे तीन महिने आधी आलेल्या बाळाचा मेंदू बाहेर आल्या दिवसापासून बघून बघून शिकत होता. पेटीतले दिवस वाया गेले असं समजू नकोस.

याची दुसरी बाजूही आहे. मेंदूला या काळात दोन्ही डोळ्यांतून स्वच्छ चित्र मिळालं पाहिजे. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही काळ मिटून ठेवला. नंतर तो उघडल्यावरही मेंदू त्याच्याकडे लक्ष देईना. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात हेच तिरळेपणाने किंवा एका डोळ्याच्या मोठ्या नंबराने होतं. आळशी डोळा म्हणतात ते हेच. कमी दिवसांच्या मुलांत उणे नंबर, दोन डोळ्यांत नंबराचा फरक आणि तिरळेपणा जास्त आढळतो, आरओपी झालेली नसली तरी. म्हणून पडदा बरा झाला की काम संपत नाही. वर्षाचं होईपर्यंत दोन-तीनदा आणि पुढे शाळेत जाईपर्यंत दरवर्षी, थेंब टाकून नंबर बघून घ्यायचा.

लगेच दाखवायचं ते कधी? एक डोळा सतत एकाच दिशेला वळलेला असेल, डोळे सारखे थरथरत किंवा दिशाहीन फिरत असतील, बाहुली पांढरट दिसेल, किंवा बाळ मुठीने डोळे दाबत बसत असेल तर.

सोनचाफा | १८ एप्रिल

आमच्याला लेसर झालं होतं. दीड वर्षाचा असताना उणे ६चा चष्मा लागला. इलॅस्टिकचा पट्टा असलेली फ्रेम मिळते. पहिल्या दिवशी ओढून फेकला, दुसऱ्या दिवशी झाडावरचा कावळा दिसला आणि मग काढू देईना. चष्म्याला घाबरू नका.

केळफूल | १९ एप्रिल

एक बाजू राहिलीय, ती मी लिहिते. माझा मुलगा ३० आठवड्यांचा. आरओपी नव्हती, पडदा स्वच्छ, नंबर शून्याच्या जवळ. आणि तरीही तो बघत नव्हता. तीन डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. चौथ्याने जन्मानंतरची डोक्याची सोनोग्राफी मागितली, मग एमआरआय. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावला होता, आणि डोळ्यांकडून येणारे धागे तिथूनच जातात. कॅमेरा चांगला, पण तार मध्येच खराब.

मग मी त्याला बघायला शिकले. ठेवलेला चेंडू दिसत नाही, घरंगळला की दिसतो. पिवळा रंग आधी पकडतो. मांडणीतल्या स्टीलच्या भांड्यांत त्याला त्याची वाटी सापडत नाही, तीच वाटी एका काळ्या टॉवेलवर एकटी ठेवली की झटकन उचलतो. खालचं कमी दिसतं, म्हणून उंबऱ्याला अडखळतो, जिना उतरताना रडतो. सकाळी छान बघतो, लग्नघरात अजिबात नाही. लोक म्हणतात नाटक करतो. तो नाटक करत नाही, गर्दीत त्याच्या मेंदूला एवढं निवडता येत नाही.

आम्ही घर मोकळं केलं. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारली. एका वेळी एकच खेळणं, साध्या रंगाच्या चादरीवर. बोलताना नाव घेऊन, जवळ जाऊन, मग दाखवायचं. आता चार वर्षांचा आहे, आणि पुष्कळ बघतो. डोळे चांगले आहेत असं सांगूनही आईला बाळ बघत नाही असं वाटत असेल, तर तिचं ऐका आणि मेंदूकडे बघा.

जाईची_आजी | १९ एप्रिल

आमच्या वेळी बाळंतिणीची खोली अंधारी असायची आणि बाळाला बोटभर काजळ. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही असं म्हणायचे. नात ३३ आठवड्यांची झाली तेव्हा मी काजळ घालायला घेतलं, सुनेने हात धरला. मला राग आला होता, पण ऐकलं. आता विचारते, पाळण्यावर चिमणाळं तरी बांधू का?

कवडसा | १९ एप्रिल

आजी, सुनेने बरोबर केलं. काजळात शिसं असू शकतं, आणि बोटावरून जंतूही जातात. मध, गुलाबपाणी, दूध यांतलं काहीच डोळ्यात नको. तीट कानामागे लावा.

चिमणाळं जरूर बांधा! फक्त अगदी डोळ्यांवर नको, जवळ टांगलं की बाळ डोळे आत ओढून बघतं. छातीच्या रेषेत, हातभर उंचीवर, आणि अधूनमधून डावी-उजवी बाजू बदला. या वयात फिके गुलाबी-निळे रंग दिसत नाहीत, काळा-पांढरा आणि लाल दिसतो. खोलीत दिवसा साधा उजेड असू द्या, रात्री अंधार.

जाईची_आजी | १९ एप्रिल

काळ्या-पांढऱ्या खणाचे तुकडे आहेत माझ्याकडे, आणि चोचीला लाल लोकर. मोगरा, तुझ्या लेकीलाही शिवून पाठवते. पत्ता खाजगी निरोपात दे.

मोगरा | ९ जून

लेक आज करेक्टेड ११ आठवड्यांची. २ मेच्या सकाळी मालिश करताना तिने माझ्या टिकलीकडे बघितलं. मी डावीकडे सरकले तर तीही बघत आली, थोडी, मग सुटली. १४ मेला हसली. आधी सासूबाईंकडे बघून हसली, आणि त्या पदर डोळ्यांना लावून देवघरात गेल्या.

आजीबाईंच्या चिमणाळ्यातला तिचा आवडता पक्षी तिसरा आहे, लाल चोचीचा. वाऱ्याने हलला की पाय झाडते. संध्याकाळी पेंगुळली की डावा डोळा अजून नाकाकडे जातो. ३० जूनची तारीख आहे, तेव्हा हे सगळं सांगणार आहे. वहीत लिहून ठेवलंय.

नवी_आई_जालना | ९ जून

नमस्कार. पूर्ण धागा वाचला आणि हात कापतायत. बाळ ३१ आठवड्यांचं, १४५० ग्रॅम. आज २४ दिवसांचं आहे. चार दिवसांपूर्वी घरी आलो. डोळे तपासल्याचं कुणी सांगितलं नाही, कार्डावर काही नाही. मिस्टर कामाला बाहेरगावी आहेत.

पेटीवाली_सिस्टर | ९ जून

ताई, घाबरू नका, सहा दिवस हातात आहेत. पण सहा दिवस थांबायचं नाही. उद्या सकाळी बाळ होतं त्या दवाखान्यात फोन करून विचारा, तपासणी झाली होती का, झाली असेल तर कागद मागा. नाही म्हणाले तर कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात जा आणि आरओपीची तपासणी असं स्पष्ट म्हणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे, तपासणी आणि उपचार मोफत होतात. तिथे डॉक्टर त्या दिवशी नसतील तर संभाजीनगरला कुठे पाठवतात ते लिहून घ्या, आणि त्याच दिवशी निघा.

पाऊलवाट | ९ जून

ताई, मी बदनापूरला असतो. गाडी आहे. उद्या आठ वाजता तुमच्या दारात येतो, माझी बायकोही बरोबर असेल. निरोपात नंबर पाठवलाय.